कुलूपबंद घराचा आकडा

महाराष्ट्रात 31 मे हा सरकारी कचेऱ्यांतला निरोप समारंभांचा दिवस. एकाच दुपारी केंद्रप्रमुख, अव्वल कारकून, ग्रामसेवक अशी सगळी मंडळी शाल-श्रीफळ घेऊन घरी जातात, कारण कागदोपत्री त्या सगळ्यांचा वाढदिवस 1 जून. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. आता 1 जूनला एवढी माणसं जन्मली कशी, तर ती त्या दिवशी जन्मलीच नव्हती. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला तारीख सांगता येत नव्हती. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराचं वय तर बसायला हवं. गुरुजींनी हिशेब जुळेल असं साल धरलं, पुढं 1 जून लिहिलं आणि पुढच्या पोराला हाक मारली.

गुरुजींनी केलं ते संख्याशास्त्रातलं एक जुनं काम होतं, गहाळ माहिती भरण्याचं. रकाना रिकामा ठेवता येत नाही, खरा आकडा कुणाकडे नाही, मग काहीतरी टाकायचं. एकेका पोराच्या बाबतीत त्यात फारसं बिघडत नाही. पण अशा हजारो नोंदी एकत्र करून कुणी विचारलं, की या जिल्ह्यात कोणत्या महिन्यात जास्त जन्म होतात, तर उत्तरात जूनचा डोंगर उभा राहतो. तो डोंगर शाळेच्या टेबलावर तयार झालेला असतो.

गुरुजींनी 1 जूनऐवजी एका डब्यात वर्षभराच्या तारखांच्या चिठ्ठ्या ठेवल्या असत्या आणि तारीख न सांगता येणाऱ्या प्रत्येक पोरासाठी एक चिठ्ठी उचलली असती तर? प्रत्येक पोराची तारीख बहुतेक चुकलीच असती, पण जूनचा डोंगर झाला नसता. एकेका नोंदीच्या दृष्टीनं दोन्ही पद्धती सारख्याच खोट्या, तरी सगळ्या नोंदींच्या दृष्टीनं दुसरी कितीतरी प्रामाणिक. रिकाम्या जागी रँडम आकडा टाकण्याची जी सोय आज संख्याशास्त्राच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, तिचा पाया हाच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती लबाडी वाटते. लबाडी कुठं होते आणि कुठं होत नाही, ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे.

मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 1992-93 पासून तिच्याच देखरेखीखाली होत आली आहे. या पाहणीत बाईला तिच्या प्रत्येक अपत्याचा जन्ममहिना आणि साल विचारतात. समजा अशी पाहणी बीड जिल्ह्यात नारायणगडाच्या आसपासच्या एखाद्या वस्तीवर चालली आहे. नारायणगडाला धाकटी पंढरी म्हणतात. नगद नारायण महाराजांचा हा गड, आणि इथल्या कालगणनेत वारीला महिन्याइतकाच मान. बाई सांगते, “थोरली व्हय? गडाची दिंडी पंढरीला निघाली व्हती बघा तवा.” म्हणजे आषाढाच्या आगेमागे, जून नाहीतर जुलै. धाकट्याचं विचारलं तर “सुगीत झाला” एवढंच. खरिपाची सुगी की रब्बीची, हे पुन्हा विचारावं लागतं, आणि तेही आठवलं नाही तर हाती राहतं फक्त साल.

अशा वेळी सॉफ्टवेअर आधी शक्यतेच्या भिंती घालून घेतं. बाईनं सांगितलेलं साल, मुलाखतीची तारीख, आधीच्या आणि नंतरच्या अपत्याचा जन्म, दोन बाळंतपणांत निसर्गानं घातलेलं किमान अंतर. या भिंतींच्या आत जेवढे महिने उरतील त्यांतून एक महिना ते चिठ्ठी काढल्यासारखा उचलतं. आणि शेजारच्या रकान्यात खूण करून ठेवतं, की हा महिना बाईनं सांगितलेला नाही, आम्ही भरलेला आहे. माझ्या मते या साऱ्या खटाटोपात सगळ्यात मोलाची गोष्ट ती खूण आहे. शाळेच्या रजिस्टरात तशी खूण असती, तर कोणता 1 जून खरा आणि कोणता गुरुजींचा, हे आज ओळखता आलं असतं. खऱ्या 1 जूनला जन्मलेल्या बिचाऱ्यांवर तर आता कुणाचाच विश्वास बसत नाही.

महिन्यांचं ठीक, पण उत्पन्न, जमीन, वजन असे आकडे गहाळ असले म्हणजे लोकांचा हात आपोआप सरासरीकडे जातो. सरासरी टाकणं समंजसपणाचं वाटतं. ते किती घातक असतं ते पाहायला दहा घरं पुरेत. सात घरांनी जमीन सांगितली: 1, 2, 2, 3, 4, 5 आणि 11 एकर. तिघांनी सांगितली नाही. सातांची सरासरी नेमकी 4 एकर. (आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, कुठल्या गावचे नाहीत.) तिन्ही रिकाम्या जागी 4 टाकले की दहांची सरासरी 4 च राहते, सगळं सुरळीत दिसतं. पण आता गावात चार एकरवाली घरं एकाची चार झाली. गावातली विषमता मोजणारं प्रमाण विचलन 3.37 वरून 2.75 वर घसरलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सरासरीबद्दलची आपली चूक किती असू शकते, तो अंदाज 1.27 एकरांवरून 0.87 वर आला. माहिती सात घरांचीच होती. तीन घरांबद्दल आपल्याला काहीही ठाऊक नसताना आपला आत्मविश्वास मात्र जवळपास दीडपट वाढला. एखाद्या अहवालात अशा शेकडो जागा सरासरीनं बुजवलेल्या असल्या, की त्यातला प्रत्येक निष्कर्ष आहे त्यापेक्षा ठाम दिसू लागतो.

आता सरासरीऐवजी त्या सात आकड्यांतून तीन चिठ्ठ्या काढा, प्रत्येक वेळी चिठ्ठी परत डब्यात टाकून. समजा निघाल्या 2, 11 आणि 3. दहांची सरासरी झाली 4.4. पुन्हा काढा: 1, 5, 2. सरासरी 3.6. पुन्हा: 3, 4, 11. आता 4.6. आणखी एकदा: 1, 1, 3. उतरली 3.3 वर. नवशिक्याला हे पाहून धडकी भरते, कारण उत्तर दर वेळी बदलतं. पण हे बदलणंच कामाचं आहे. तीन घरांबद्दल आपल्याला माहीत नसण्याची किंमत किती, ती या चढउतारातच मोजलेली असते.

ही गोष्ट नीट सूत्रात बसवली अमेरिकेतल्या डोनाल्ड रुबिन यांनी. 1976 साली त्यांचा गहाळ माहितीवरचा मूलभूत निबंध आला आणि 1987 साली पुस्तक. त्यांचं म्हणणं असं, की एकदाच भरून थांबू नका. पाच वेळा, वीस वेळा भरा. प्रत्येक भरलेल्या संचावर तोच हिशेब करा. अंतिम उत्तर म्हणजे त्या सगळ्या उत्तरांची सरासरी. चूक किती असू शकेल ते सांगताना मात्र दोन गोष्टी मिळवा: प्रत्येक संचाच्या आतली अनिश्चितता आणि संचासंचांतला फरक. रिकाम्या जागा थोड्या असतील तर दुसरी गोष्ट नगण्य ठरते. जास्त असतील तर तीच डोक्यावर बसते, आणि बसायलाच हवी.

आज ‘आर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्टेफ फान ब्यूरेन यांचं ‘माइस’ नावाचं पॅकेज हे काम करतं; स्टाटा आणि एसपीएसएसमध्येही सोय आहे. पण शिकाऊ लोक पॅकेजकडे न जाता स्वतःच आज्ञा लिहितात आणि एक ठरलेला घोटाळा करतात. ‘जिथं रिकामं असेल तिथं रँडम आकडा टाक’ अशी आज्ञा ते देतात. सॉफ्टवेअर इमानदारीनं एकच चिठ्ठी काढतं आणि ती सगळ्या रिकाम्या जागांवर चिकटवतं. एकशे वीस जागा रिकाम्या, एकशे वीस ठिकाणी 3. पडद्यावर चूक दाखवणारी लाल ओळ येत नाही, स्तंभ गच्च भरलेला दिसतो, आणि माणूस निर्धास्त पुढं जातो. थोडक्यात, 1 जूनचे गुरुजी संगणकात शिरलेले असतात, एवढंच की तारीख या वेळी नशिबानं ठरली. आज्ञेत ‘जितक्या जागा रिकाम्या, तितक्या चिठ्ठ्या’ असं स्पष्ट सांगावं लागतं. भरून झाल्यावर नव्या आकड्यांची वारंवारता एकदा डोळ्यांखालून घातली, तर हा घोटाळा अर्ध्या मिनिटात उघडा पडतो.

दुसरा घोटाळा त्याहून जुना. रिकामी जागा रिकामी न ठेवता तिथं 99 किंवा 999 लिहायची पद्धत आहे, म्हणजे ‘माहीत नाही’. हे 99 सॉफ्टवेअरला आधी समजावून सांगितलं नाही, तर ते डब्यातल्या चिठ्ठ्यांमध्येही मिसळतं, आणि मग गावात 99 एकरांचे जमीनदार आणि 99 वर्षांच्या लेकुरवाळ्या बाया दिसू लागतात.

तिसरी गोष्ट घोटाळा नाही, मोह आहे. संगणकाच्या चिठ्ठ्या एका सुरुवातीच्या अंकावरून निघतात. तो अंक आधी सांगून ठेवला तर पुन्हा पुन्हा त्याच चिठ्ठ्या येतात. दुसऱ्याला आपला हिशेब पडताळता यावा म्हणून तो सांगून ठेवायचा असतो. पण उत्तर मनासारखं येईपर्यंत अंक बदलत बसणारेही असतात. तो अंक काम सुरू करण्याआधी लिहून ठेवावा, हे बरं.

शेतीशास्त्रातल्या लोकांना ही सगळी काळजी फार आधीपासून ठाऊक होती. प्रयोगाच्या शेतात एका वाफ्यात गुरं शिरली, की एका वाणाचा आकडा गेला. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथं फ्रँक येट्स यांनी 1933 साली अशा वाफ्याचा आकडा प्रयोगातल्या बाकीच्या वाफ्यांवरून काढायची रीत सांगितली. तिच्यात चिठ्ठी नव्हती, आकडा सूत्रानं एकच यायचा. पण आकडा भरल्यावर हिशेबातून एक ‘स्वातंत्र्यांक’ वजा करायची अट होती, म्हणजे भरलेल्या आकड्याला खऱ्याचा मान द्यायचा नाही. आपल्याकडे वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या 1954 सालच्या पुस्तकावर कृषी विद्यापीठांतल्या पिढ्या शिकल्या. हे सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पीक कापणी प्रयोगाला त्यांनी शास्त्रीय बैठक दिली, त्यात कोणत्या शेतात आणि शेतातल्या कोणत्या जागी तुकडा आखायचा हे रँडम अंकांवरून ठरवतात, म्हणजे तलाठ्याला किंवा कृषी सहायकाला बांधालगतचं चांगलं पीक निवडता येत नाही. रँडम अंकाचा हा उपयोग लेखाच्या शेवटाकडे पुन्हा येणार आहे.

जिवंत माणसांच्या मोजणीत भरलेल्या आकड्यांवरून भांडण किती वर जाऊ शकतं, हे अमेरिकेत दिसलं. तिथल्या 2000 च्या जनगणनेत ज्या घरांची माहिती मिळाली नाही, त्यांच्या जागी शेजारच्या तशाच घराची माहिती घेतली गेली. या पद्धतीला ‘हॉट डेक’ म्हणतात, पंच केलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावरून पडलेलं नाव. त्यानं देशाच्या लोकसंख्येत सुमारे 12 लाख माणसांची भर पडली, जेमतेम 0.4 टक्के. पण तेवढ्यानं संसदेतली एक जागा युटा राज्याकडून नॉर्थ कॅरोलायनाकडे गेली. युटानं दावा लावला आणि जून 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हॉट डेक कायद्याला धरून असल्याचा निर्वाळा दिला. आपल्याकडे 1981 साली आसामात आणि 1991 साली जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच झाली नव्हती. त्या राज्यांचे त्या सालचे आकडे अलीकडच्या-पलीकडच्या जनगणनांवरून अंदाजानं काढलेले आहेत. देशाच्या बेरजेत ते इतरांसारखेच शांतपणे बसलेले दिसतात.

इथवर सगळं एका गृहीतकावर चाललं होतं, आणि ते गृहीतक बीड जिल्ह्यात कोलमडतं. डब्यातून चिठ्ठी काढून गहाळ घर भरायचं, तर गहाळ घर डब्यातल्या घरांसारखंच असायला हवं. निदान ज्या बाबतीत ते वेगळं आहे, त्या बाबी तरी आपल्याला माहीत हव्यात.

दसऱ्याला नारायणगडाच्या टापूतली गावं भरलेली असतात. पुढं दिवाळीच्या आगेमागे मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोचा ‘कोयता’ सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, नाहीतर थेट कर्नाटकात ऊसतोडीला जातो. जोडीचा एक कोयता, एकट्याचा अर्धा. बरोबर लहान पोरं, बैलं, भांडीकुंडी. गाळप संपेपर्यंत मुक्काम फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. मागं घराला कुलूप, किंवा उंबऱ्यात एखादी म्हातारी. डिसेंबरात पाहणीवाला दारात आला तर म्हातारी जमीन सांगेल, शेळ्या सांगेल. पण सुनेला गेल्या पंधरवड्यात ताप होता का, तिनं कितव्या महिन्यापर्यंत ऊस तोडला, हे तिला विचारून उपयोग नाही.

समजा 200 घरांपैकी 60 घरं अशी निघाली. सॉफ्टवेअर विनातक्रार उरलेल्या 140 घरांतून चिठ्ठ्या काढून साठही भरून देईल. ही 140 घरं कुणाची? ज्यांच्या विहिरीला पाणी आहे, ज्यांच्यात कुणी शिक्षक किंवा जवान आहे, ज्यांचं किराणा दुकान आहे. म्हणजे ऊसतोड मजुराच्या घरात कागदावर दुकानदाराचं उत्पन्न शिरलं. वीसदा भरा की दोनशेदा, प्रत्येक वेळी तीच चूक त्याच दिशेनं होणार, आणि वीस संच एकमेकांशी छान जुळतात म्हणून आपण आणखी निर्धास्त होणार.

थोडी सुधारणा करता येते. कुलूपबंद घराची जमीन कोरडवाहू आहे, दोन एकर आहे, विहीर नाही, हे सातबाऱ्यावरून कळतं. मग तशाच कोरडवाहू दोन एकरवाल्या, पण गावात राहिलेल्या घराची चिठ्ठी तिथं टाकायची. सॉफ्टवेअर हे करतं आणि बऱ्याच ठिकाणी त्यानं भागतंही. इथं मात्र शंका उरते. सारखीच जमीन असलेल्या दोन भावांपैकी एक तोडीला गेला आणि एक राहिला, तर राहिलेला का राहिला? त्याला दुसरं काम मिळालं असेल, किंवा आजारपणानं कोयता धरवत नसेल. ते कारण आपल्या कुठल्याच रकान्यात नाही. रुबिन यांच्या वर्गवारीत हा गहाळपणाचा सर्वांत अवघड प्रकार: माहिती गहाळ होण्याचं कारण त्या गहाळ माहितीतच दडलेलं.

याचा परिणाम किती मोठा होऊ शकतो, ते एका खऱ्या आकड्यावरून दिसतं. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली गाजला तेव्हा बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची स्वतंत्र पाहणी झाली. 82,309 जणींपैकी 13,861 जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली, शंभरात जवळपास 17. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांचे वयोगट एकच नाहीत, त्यामुळं तुलना काटेकोर नाही. पण ऊसतोडीला गेलेल्या बायांच्या रिकाम्या जागा गावात राहिलेल्या बायांच्या उत्तरांनी भरल्या असत्या, तर कुठला आकडा दबला असता, ते कळायला तेवढं पुरे. तो आकडा उजेडात आला तो नेमक्या त्याच बायांना विचारल्यामुळं.

अशा ठिकाणी संख्याशास्त्रज्ञ दोन गोष्टी करतात. पहिली टेबलावर बसून होते. चिठ्ठ्यांनी भरलेले आकडे मुद्दाम हलवून पाहायचे. कुलूपबंद घरांचं उत्पन्न भरलेल्यापेक्षा वीस टक्के कमी धरलं तर निष्कर्ष टिकतो का, चाळीस टक्के कमी धरलं तर? टिकला तर ठीक. वीसलाच पडला तर अहवालात तसं लिहायचं. हे लिहिणारे अहवाल फार कमी दिसतात, आणि त्याचं कारण गणिताची अडचण हे नाही.

दुसरी गोष्ट पायपिटीची. हॅन्सन आणि हर्विट्झ या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी 1946 साली ती मांडली. टपालानं पाठवलेल्या प्रश्नावलीला ज्यांनी उत्तर दिलं नाही, त्यांतल्या काहींची रँडम निवड करायची आणि तेवढ्यांच्या घरी माणूस पाठवायचा. आपल्या 60 कुलूपबंद घरांतून 10 घरांच्या चिठ्ठ्या काढायच्या. मुकादमाला फोन लावून ती जोडपी कोणत्या कारखान्याच्या फडावर आहेत ते विचारायचं. आणि तिथं जाऊन त्यांच्याशीच बोलायचं. प्रत्येकाच्या उत्तराला हिशेबात सहापट वजन. सुखात्म्यांच्या पीक कापणीसारखंच, रँडम अंक इथं कुठं जायचं तेवढं सांगतो, उत्तर स्वतः बनवत नाही. खर्च वाचवायचा असेल तर पाहणीच गाळप संपल्यावर, माणसं परतल्यावर उन्हाळ्यात ठेवायची.

जनगणनेला मात्र ती मुभा नाही. 2011 ची प्रत्यक्ष मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली होती आणि पुढचीही फेब्रुवारी 2027 मध्ये ठरली आहे. दोन्ही वेळा गाळप हंगाम चालूच. 2011 चा नियम असा होता, की मोजणीच्या पूर्ण मुदतीत जो घराबाहेर असेल त्याची नोंद तो जिथं असेल तिथं व्हावी. म्हणजे नारायणगडाच्या वस्तीवरच्या जोडप्याची नोंद पलूस किंवा शिरोळकडच्या प्रगणकानं करायची. फडाजवळची कोपी ऊस तुटेल तशी पंधरा दिवसांत दुसऱ्या शिवारात हलते, त्यामुळं ती कोणत्या प्रगणकाच्या नकाशात धरायची, हे कारखान्याच्या तालुक्यात जानेवारीतच ठरवून ठेवावं लागेल, आणि त्यासाठी लागणारी टोळ्यांची यादी कारखान्याच्या शेतकी खात्यात मिळते.